डाव्या खांद्यातला कापूस

मस्कतला, मत्राच्या बाजारात, लोबानवाल्याच्या मागच्या बोळात
माझं दुकान. पाटीवर अरबीत काय लिहिलंय
ते मला अजून धड वाचता येत नाही.
चौतीस वर्षं लोक 'मास्टर' म्हणतात, तेवढं पुरतं.

दुपारी, बाजार झोपलेला असताना,
मकरानी शाहदाद आला. काठी दाराशी टेकवली,
रुमालाची गाठ दातांनी सोडवली
आणि इस्त्रीच्या टेबलावर नाणं ठेवलं.
चांदीचं. प्लॅस्टिकच्या डबीत.
पहाऱ्याला दीडशे वर्षं झाली म्हणून पाडलेलं.
छाप्याला किल्ला, काट्याला पहारेकरी:
बंदूक खांद्यावर, नजर समोर,
चेहरा तांदळाच्या कणीएवढा.

"बघ," तो म्हणाला, "हा मीच ना?"

कुणी फोटोवाला म्हणे एकदा
दोन तास त्याच्यासमोर बसला होता.
नाकावर माशी बसली तरी हा हलला नव्हता.
त्या फोटोचं पुढे काय झालं, अल्ला जाणे.
नातवंडं हसतात: सगळे शिपाई सारखेच दिसतात, बाबा.

मी सुईत दोरा ओवायचं भिंग काढलं.
चेहऱ्याकडे गेलोच नाही, चेहरे मला कळत नाहीत.
कॉलरपासून सुरुवात केली.
सात बटणं. छातीवर गोंड्याची दोरी.
बाहीच्या टोकाला तीन पट्ट्या, तिसरी जराशी रुंद.
शिलाई माझीच.
पण त्या वर्षी असे बेचाळीस कोट
माझ्या मशीनखालून गेले होते.

मग खांदे.

शाहदादचा डावा खांदा बोटभर खाली होता,
बंदुकीनं उतरवलेला.
एकवीस वर्षांत त्यानं ती एकदाही झाडली नाही,
नुसती पेलली;
आणि न झाडलेलं वजन
हाडात जाऊन बसतं.

मापं घेताना मला दिसलं, मी बोललो नाही.
वरच्यांना कळतं तर रांगेतून काढलं असतं.
सावंतवाडीहून निघताना आईनं दिलेली
सावरीच्या कापसाची उशी होती माझ्याकडे.
तिचं टोक उसवून चिमूटभर काढला,
अस्तरात दडवला,
आणि माणूस सरळ केला.
दर वर्षी थोडा जास्त लागायचा.
शेवटी शेवटी मी हातावरच डोकं ठेवून झोपायचो.

नाण्यावर दोन्ही खांदे सारखे.
सोनाराच्या काट्यावर तोलावेत तसे.

खांदे सारखे, म्हणजे हा दुसराच कुणी.
किंवा खांदे सारखे,
म्हणजे हा शाहदाद आणि माझा कापूस.

मी भिंग धरून राहिलो.
बंदरात कुठल्याशा बोटीनं भोंगा दिला.
"मास्टर?"

"तूच," म्हणालो.

त्यानं नाणं डबीतून बाहेर काढलं
आणि दगडी उंबऱ्यावर वाजवून बघितलं,
आमच्या आठवडी बाजारात म्हातारे
रुपया वाजवून घ्यायचे तसं.
खणखणीत निघालं. एका कडेला पोचा आला
त्याचं त्याला काही वाटलं नाही.

"याचं काय येईल?"
"काही नाही. हे मोडायचं नसतं. नुसतं ठेवायचं."
"उभं?"
मी उत्तर दिलं नाही. तोच हसला.

बोळातून गेला, पाठमोरा,
सैल सदऱ्यात, अस्तराविना,
डावीकडे कललेला.
कोपऱ्यावर वळताना काठी आठवली असावी, थांबला;
परत मात्र आला नाही.

काठी दाराशीच आहे.
मी इस्त्रीचं बटण दाबलं.
मगरिबच्या आधी एका विजारीची धार राहिली होती.