जडवस्तुसंग्रह

बोपोडीच्या पुलाखाली, मुळेच्या चिखलात,
पौषात वाळुंजाला जेमतेम पान असतं.
तिथून एकसष्ट काठ्या आणल्या छोट्या हत्तीतून,
शेंडे मागे लोंबते,
सिग्नलला मागच्या स्कूटरवाल्याच्या हेल्मेटवर टकटक.

मी कार्यानुभवाची बाई.
आजवर शिकवलं: आकाशकंदील, काथ्याचं पायपुसणं,
आइस्क्रीमच्या काड्यांचं घर,
जे प्रदर्शन संपलं की कपाटावर जाऊन बसतं.
यंदा म्हटलं, मैदानात घर करू. वाढणारं.

बुरूड आळीतून गिरजाबाई वडतिले आल्या.
काठी वाकवून बघितली, सालीवर नख ओढलं,
आतलं हिरवं दिसताच बोट मागे.
"बांबू मेल्यावर येतो आमच्याकडं, बाई.
हे तर अजून पाणी पितंय.
ह्याला गाठ कशी मारू?"

मग मारली. सैल,
तान्ह्याच्या करगोट्यासारखी,
पुढच्या महिन्याचं माप धरून.

सातवी ब-नं खुंटीला सुतळी बांधून फक्कीनं वर्तुळ आखलं,
त्रिज्या दीड मीटर.
फळ्यावरचा पाय पहिल्यांदाच अनवाणी चालला.
पहारीनं हातभर खोल भोकं,
बुंधा खाली, डोळे आभाळाकडं,
असं तीनदा सांगूनही तीन काठ्या उलट्या गेल्या.
त्यांतली एक तरीही फुटली.
कुठली, ते जुबेदा सोडून कुणाला ओळखत नाही.

एप्रिलअखेर गेटला कुलूप.
टँकर जातात ते सोसायट्यांकडं.
आणि जी पोरं वर्षभर भिंतीवरून बाहेर उड्या मारायची,
ती मेमध्ये आत उड्या मारू लागली,
पाठीवर दप्तर, दप्तरात दोन-दोन लिटरच्या बाटल्या.
ओव्हाळमामांनी एकदा पकडलं त्यांना,
नावं लिहून घेतली,
दुसऱ्या दिवशी भिंतीला शिडी लावून ठेवली.

तरी एकोणीस वाळल्या.
मी उपटायला निघाले तर गिरजाबाई फोनवर ओरडल्या,
"ऱ्हाऊ द्या! कवळ्याला टेकायला वाळलेलं लागतं."

जूनमध्ये लेखापरीक्षण.
हगवणे सरांनी नोंदवही काढली:
जडवस्तुसंग्रह, पान सत्तेचाळीस.
बाक, नग अठरा. पृथ्वीगोल, नग एक, आफ्रिका चेपलेली.
वजनकाटा, नादुरुस्त.
"आता हे तुमचं कशात घालू?
खोली लिहिली तर बांधकाम परवाना विचारतील,
झाड लिहिलं तर उद्यान विभाग येईल.
आणि नग किती?"
मोजायला पाठवलेला आर्यमान आतच रमला,
बाहेर आला तेव्हा त्याचा आकडा
आदल्या दिवशीपेक्षा नवानं जास्त,
आणि केसांत मुंग्या.

सद्यःस्थितीच्या रकान्यात
शेवटी मीच लिहिलं: उंची सात फूट दोन इंच.
तारीख घातली. सही केली.
सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही म्हणून
शाईच्या पेनानं लिहिलं,
पण शाई वाळेस्तोवर ते किती खरं उरलं असेल
देव जाणे.

श्रावणात, कुणी न बोलावता,
गिरजाबाई बसनं आल्या, कमरेला कोयती.
प्रत्येक गाठ सोडली, बोटभर ढिली करून बांधली,
पुटपुटत, जणू पोराला कपडे आखूड झालेत
आणि आईबापाचं लक्ष नाही.
मग खाली वाकून आत शिरल्या.
बराच वेळ काही आवाज नाही.
मधली सुट्टी, बाहेर पोरांचा कालवा,
मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या,
"चाळीस वर्सं विणतीय.
आपल्याच विणीच्या आत कदी बसले न्हवते."

मग स्वतःशीच हसल्या,
"सुपात कोण बसतंय, बाई?"
आणि सरकून
मला जागा केली.