जागा केली

"जागा नव्हती, म्हणून जागा केली," परकार म्हणाला,
दात घासता घासता, ब्रश तोंडात तसाच.
"न्यू फोल्डर टू असं नाव असल्यावर
मला काय कळणार, आत तुझं घर आहे?"

खरंच होतं. नाव द्यायचं राहूनच गेलं होतं.
महबूलाच्या या खोलीत आम्ही सहा जण,
कॉम्प्युटर एक, तोही जुना, माणशी अकरा दिनार काढून घेतलेला.
भिंतीवर पाळ्यांचा कागद:
कुंजुमोन सोमवार, टेकबहादूर मंगळवार,
माझा गुरुवार, रात्री नऊ ते अकरा,
आणि शुक्रवार, ज्याची भांडी नाहीत त्याचा.

फोल्डरात काय होतं? सांगायला गेलं तर फार नाही.
जोत्याचे फोटो, पहिला चिरा बसला तेव्हाचे.
सिमेंटची पावती, तेवीस पोती.
आणि पोरगी "ळ" म्हणायला शिकली ती चाळीस सेकंदं:
बाळ, माळ, केळं,
मधेच शेजाऱ्यांचा कोंबडा.

फहाहीलच्या दुकानातला मिसरी पोरगा
मोडक्या हिंदीत म्हणाला, आता त्यावर काही लिहू नको.
एक अक्षरसुद्धा नको.
पुसलं म्हणजे फक्त दारावरची पाटी काढली,
माणूस आत बसलेलाच असतो
नवा भाडेकरू येईस्तोवर.

मी माझ्या बंकवर पडून विचार करत राहिलो.
उशाशी भिंतीवर पेन्सिलीने कुणीतरी दिवस मोजलेत,
चारशे बारापर्यंत. कोण, ते इथं कुणालाच माहीत नाही.

दोन दिवस कॉम्प्युटरला कुणी शिवलं नाही,
सुतक असल्यासारखं.
कुंजुमोनने त्याच्यावर आपली धुतलेली लुंगी टाकली.

शुक्रवारी धूळ उठली. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी,
दिवसा ट्यूब लावून बसलो.
जुम्म्याची अजान होईस्तोवर चार टक्के.
मग यायला लागलं,
नावं नसलेलं, नुसते आकडे,
आणि माझं एकट्याचं नव्हे.
विहिरीतला गाळ उपसताना
दुसऱ्यांच्याही कळशा निघतात, तसं.

सूट घातलेला टेकबहादूर, कुणाच्या तरी गाडीला टेकून, सोळा वेळा.
कुंजुमोनचा रजेचा अर्ज, नऊ खर्डे,
प्रत्येकात कारण वेगळं, शेवटच्यात कारणच नाही.
आमच्या आधी ज्यांचा होता त्यांच्याकडचा एक केक,
त्यावर सहा मेणबत्त्या.

आणि एक तक्ता, दोन रकाने.
घरी सांगितलेला पगार.
खरा पगार.
खाली रत्नागिरीच्या बँकेचं नाव.

परकार पाठमोरा अंडी उकडत होता.
"मिळालं काय रे?"
"बघतोय," म्हटलं, आणि स्क्रीन थोडा वळवून घेतला.

माझं मिळालं ते असं:
फोटोत वरचं आभाळ, माडाचा शेंडा, गवंड्याची टोपी;
त्याखाली सगळं राखाडी,
नेमकं जोतं होतं तिथून.
आणि चाळीसातली दोन सेकंदं.
तोंड उघडते, "बा" म्हणते,
पुढे काही नाही.
मी ते खूप वेळा लावलं.
दर वेळी वाटलं, हाकच मारली.

एवढं पेनड्राइव्हवर घेतलं. बाकीचं नाही घेतलं.
पण तो तक्ता आत बसलेलाच होता,
पाटी नसलेल्या खोलीत,
उद्या आणखी कुणी हरवलेलं शोधायला बसला की
सापडेल असा.

म्हणून रात्री परकारचे पिक्चर त्यात भरले.
एकेक तीन-तीनदा, नावं बदलून,
डिस्क फुल म्हणेपर्यंत.
तो उठून बघायला लागला. "तू? आणि पिक्चर?"
म्हटलं, झोप.

पुढच्या गुरुवारी फोनवर म्हटलं, एकदा ळ म्हण ग.
"कशाला?" म्हणाली,
"मी आता ज्ञ वर आहे."