गिट्टी

गच्चीवर गिट्टी येऊन पडली ती चैत्रात,
दीड ब्रास, पाचगावच्या खाणीची.
दादा-वहिनीची खोली वर निघत होती,
जिना बाहेरून.
आई म्हणाली, बाहेरून तर बाहेरून,
आणि तेव्हापासून वहिनीशी बोलली नाही
मीठ मागण्यापुरतंसुद्धा.

भिंती झाल्या. स्लॅबच्या फळ्या लागल्या.
मग एका सकाळी चाफले मिस्त्री घमेलं घेऊन वर गेला
आणि रिकामं घमेलं घेऊन खाली आला.
"ताई, टिटवी बसून राहिली ना गिट्टीत.
चार अंडे हायेत. मी नाही हात लावत बा."

आम्ही सगळे वर. काही दिसेना.
गिट्टीसारखीच गिट्टी, राखी, काळे डाग,
बघून बघून डोळे दुखले तेव्हा
चार खडे जरा जास्तच गोल निघाले.
ना काडी, ना कापूस, ना आडोसा.
पोटानं दाबलेला वाटीएवढा खळगा, बस.

आई म्हणाली, मसणातलं पाखरू, घरावर नको.
दादानं मोबाइलवर पाहिलं: अठ्ठावीस दिवस.
फळ्यांचं भाडं रोजचं साडेतीनशे.
"म्हणजे नवतपा जाऊन राहिला हिच्यात."
पण 'उचला' असं कुणीच म्हणालं नाही.
म्हणणारा घरात कायमचा ओळखला गेला असता,
एवढंच कारण असेल कदाचित.

चव्वेचाळीस. शेहेचाळीस.
मानेवाड्यात दुपारी कुत्रं नालीतून निघत नाही,
डांबर चप्पल धरून ठेवतं.
खाली आमचा कूलर खडखडत होता,
वाळ्याची ताटी तासात कोरडी.
वर ती अंड्यांवर बसतही नव्हती,
उभी असायची,
पंख सैल, चोच उघडी,
स्वतःची सावली चौघांवर धरून.
अंडी उबवतात एवढंच मला ठाऊक होतं.
ही त्यांना गार ठेवत होती.

नर खाली उतरून
कूलरच्या सांडपाण्यात पोट बुडवायचा,
ठिबकत परत.
ती बाजूला, हा अंड्यांवर.
दिवसाच्या किती फेऱ्या, मी नाही मोजल्या.
आईनं मोजल्या असाव्यात,
कारण एका दुपारी, भिंतीकडे बघत, तिनं विचारलं,
"वर परातीत पाणी ठेवलं का?"
वहिनी म्हणाली, "ठेवलं."
"बारा वाजता बदलव. तापतं ते."
त्या महिन्यातलं सगळं बोलणं एवढंच.

नवतप्याच्या सातव्या दिवशी तीन फुटली.
अंग सुपारीएवढं,
पाय कुणाचे तरी उसने आणल्यासारखे.
दुसऱ्या पहाटे दोघंही बाजूच्या रिकाम्या प्लॉटमधून
ओरडायला लागली. उतरा, उतरा.
पंख फुटलेले नाहीत, बारा फूट खोल.
दादा चादर घेऊन धावला, झेलायला,
आणि ती गेली भलत्याच बाजूनं,
रेतीच्या ढिगावर,
एक, दोन,
बऱ्याच वेळानं तिसरं.
उठली. गाजरगवतात चालती झाली.
दादा तसाच उभा, चादरीची चारही टोकं एकट्यानं धरून.
वहिनीनं येऊन दोन टोकं घेतली,
घडी घालायला.

चौथं अंडं तसंच राहिलं.
चाफले म्हणाला, "याचं काय करू?"
कुणी सांगायच्या आत मिक्सर सुरू झाला,
आणि नंतर कुणी विचारलं नाही.
कुठल्या घमेल्यातून गेलं असेल.
दिसायला खडाच तो.

पाऊस लांबला होता.
ओल्या स्लॅबला आळी करून पाणी द्यायचं होतं दहा दिवस.
ते आईच देत राहिली,
बाहेरचा जिना, मग शिडी,
गुडघ्यांवर हात ठेवत, पाइप ओढत, भर बारा वाजता.
आम्ही म्हणायचो, अगं सकाळी दे.
ती म्हणायची,
आत्ता तापतं ते.