समासात

सेंट जॉन्सच्या दवाखान्यात
एल्ड्रेड टिबो मोजा काढतो.
डाव्या पायाचं चौथं बोट
कॉडच्या गाबोळीसारखं,
गुलाबी, तट्ट.

मी पट्टीचा फास बुडाशी सरकवते.
बासष्ट मिलिमीटर.
उजव्याचं तेच बोट, एकावन्न.
मग चिमटीत धरून दाबते
आणि बघते त्याच्या चेहऱ्याकडे.
दुखणं तिथे मोजायचं असतं,
शून्य ते तीन.

चेहरा ढिम्म.
चाळीस वर्षं बर्फाळलेले दोर ओढलेत त्याने.
"काही नाही," म्हणतो.
मी शून्य लिहिते.

कोपऱ्यातल्या सुया थांबतात.
ड्रुसिला उठते, मोजा उचलते,
पंजा ताणून उजेडात धरते.
"ऑक्टोबरपासून सहा टाके वाढवलेत मी,
फक्त डाव्याला.
दोन आधी, मग दोन, नाताळनंतर आणखी दोन.
ह्याला पत्ता नाही.
रात्री गोधडीचं टोक लागलं
तरी पाय ओढून घेतो, झोपेत."

ओढून घेतला तर तीन.

एल्ड्रेड खिडकीबाहेर बघतो,
बंदरात बघण्यासारखं काही नसताना.
त्याचे कान लाल.

मी शून्य खोडते.
फॉर्मवर टाक्यांचा रकाना नाही.
समासात लिहून ठेवते :
सहा, लोकरीचे.