पेन ड्राइव्ह

गिऱ्हाईकच विसरलं असंल म्हणून
मी ते झेरॉक्सशेजारच्या कॉम्प्युटरला लावलो.
निळं, बोटाएवढं, टोकाला चपटं.
आठव्या गल्लीत अशी रोज दोन-चार राहून जातात,
मी डब्यात टाकतो, वर तारीख लिहितो.
बारकी लाइट लागली. स्क्रीनवर काहीच नाही.
ना फोल्डर, ना कुणाचा बायोडेटा.
नुसतं चार्ज व्हायला लागलं,
आणि आंब्याचा वास.

जानेवारीत आंबा?
मग आठवलं. हाच वास
विश्वतेजच्या उशीला, जर्सीच्या बाहीला.
दुपारी डबा द्यायला आला होता तोच,
काउंटरवर दप्तर उपडं करून चार्जर शोधत होता.

सतरा वर्षांचा. लेफ्ट विंगला पळतो.
गेल्या रविवारी शाहू स्टेडियमवर
पासष्टाव्या मिनिटाला गुडघ्यांवर हात टेकून उभा,
बॉल शेजारनं गेला तरी मान वर नाही.
पेठेतली पोरं ओरडली, "रिक्षा बोलवू काय रं?"
मी समजलो, ऊन असंल.

रात्री ताटाशेजारी ठेवलो ते, आमटीच्या वाटीला लागून.
म्हणाला, "आई, सिगरेट न्हाई ही. नुसती वाफ."
मी म्हटलो, "वाफ इडलीची असते.
सकाळी डोळं उघडायच्या आधी
इडलीसाठी हात उशीखाली जातो काय तुझा?"
तो गप्प. बराच वेळ गप्प.
मग माझ्याकडं न बघताच,
"आणि तुझी फडताळातली डबी?"

मिश्री.
लग्नानंतर दुसऱ्या वर्षी दाढ ठणकली,
थोरल्या जावंनं बोटावर दिली, म्हणाली लाव.
चोवीस वर्षं झाली, दाढ कवाच पडली.
तव्यावर जळका वास उठला
की घराला कळायचं, उजाडलं.
मी तिला तंबाखू म्हणत नव्हतो,
तो त्याला नशा म्हणत नव्हता.
एकाच घरात दोघांनी
एकाच गोष्टीची नावं बदलून ठेवलेली.

सीपीआरला गेलो. बागवान मॅडम रागवल्या नाहीत.
मला वाटलं होतं, पोराला झापतील, मला बरं वाटंल.
त्या म्हणाल्या, तलफ आली की भांडू नका तिच्याशी,
उंबऱ्यावर उभी राहू द्या. घड्याळ बघा.
चार-पाच मिनिटांत कंटाळून जाते.
तिसरा दिवस वाईट असतो, त्या दिवशी एकमेकांवर चिडू नका.
विश्वतेजच्या छातीला यंत्र लावून ऐकलं.
माझ्या गालाच्या आत बॅटरी धरली,
एक पांढरा चट्टा बघितला, म्हणाल्या,
पंधरा दिवसांनी परत या. नक्की या.
त्या "नक्की"ला मी अजून उशाला घेऊन झोपतो.

तिसऱ्या दिवशी चिडलो.
त्यानं दाराला लाथ घातली,
मी एका पोरीला चारच्या जागी चाळीस कॉप्या काढून दिल्या
आणि वर तिलाच बोललो.
आठव्या दिवशी तो जिन्यावर बसून म्हणाला,
"नितेशच्या गच्चीवर ओढलो आज. दोनदा."
मी पाठीवर हात ठेवलो, परत एकपासनं मोजू म्हटलो.
माझं सांगितलो नाही.
पहाटे मीही डबीच्या तळाला बोट फिरवून चाटलो होतो.
ते सांगायला अकरावा दिवस उजाडला.
त्यावर तो हसला, खोकत खोकत, पण हसला.

आता डबीत स्टेपलरच्या पिना आहेत.
वास जात नाही. कागदालासुद्धा लागतो.

आज रात्री परत उठलो दोघंही, साडेदहाला,
गाडी काढली, गंगावेशला गेलो.
म्हशीखालचा गरम ग्लास, निम्मा नुसता फेस.
तो ग्लासाकडं बघत बसला, पीत नव्हता.
"काय रं?"
"थांब," म्हणाला, "आलीय."
मी घड्याळ बघितलो नाही.
फेस हळूहळू खाली बसला,
दूध कुठवर आहे ते दिसलं,
मग त्यानं ग्लास उचलला.