पाय ठरला

चिलोए बेटावर आमचं घर खांबांवर उभं आहे.
दिवसातून दोनदा समुद्र खालून येऊन जातो.
मी सात महिन्यांनी आलो, खुर्चीत बसून,
पुढून मेहुणा, मागून शेजारचा बाउतिस्ता,
नवरदेव मिरवावा तसा.

आई म्हणायची, एलिसेओ,
तुझा पाय घरात ठरत नाही.
ठरला, आई.
दोन्ही ठरले.

सामन माशांच्या पिंजऱ्याखाली, छत्तीस मीटरवर
फाटलं जाळं शिवत होतो.
वर येताना घाई केली, इतकंच.
रक्ताला फेस आला, सोड्याची बाटली उघडल्यासारखा.
कंपनीने एक घोंगडी पाठवली
आणि सही करायला एक कागद.
घोंगडी ठेवून घेतली.

आता घराची मापं नव्याने कळतात.
न्हाणीचं दार दोन बोटं अरुंद.
मिठाची बरणी ढगात.
उंबरठा एवढा उंच आहे
हे एकोणचाळीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.
आणि टेबलाच्या खालच्या अंगाला
खिळ्याने कोरलेली एक बोट, शीड वाकडं.
माझीच. केव्हाची, आठवत नाही.
चमचा पडला म्हणून वाकलो, तर दिसली.

रोसाल्बा दर तीन तासांनी गजर लावून उठते,
मला कुशीवर वळवते.
काल गजर न होताच पुटपुटली, "हं, दुसरी कूस,"
आणि झोपेत स्वतःच वळली.

ती हळू बोलते हल्ली.
सगळेच हळू बोलतात, जणू मी पाळण्यात आहे.
मंगळवारी मी कप भिरकावला.
पत्र्याचा होता, फुटलाही नाही.
तिने उचलला, पुसला, चहा भरून दिला.
तेव्हा मला खरी भीती वाटली.

आज ओहोटी लांबवर गेली.
ती गमबूट घालून घराखाली उतरली, शिंपल्या वेचायला.
मी जमिनीवर घसरलो, कोपरांवर सरकत
फळीची झडप उघडली, दोराने बादली सोडली.
खाली चिखल, तिचा लाल रुमाल, खांबांना शेवाळ.
हा वास माझ्या ओळखीचा.
बादली भरली असावी. माझं लक्ष
एका खेकड्याकडे होतं, तिरका तिरका चाललेला,

तोच खालून आवाज आला,
"मेलास का रे वर? ओढ की!"

सात महिन्यांत पहिल्यांदा
ती माझ्यावर खेकसली.

ओढली मी.
बादली जड होती, दोर ओला,
आणि तळहात सोलून निघाले.