उजवी बाजू

मे महिन्यात दुपारी दोन ते पाच
नागपुरात माणूस घरात कोंडून घेऊन जे काही करतो
ते मी करून राहिलो होतो :
डबी लाव, डबी काढ, डबी लाव.

डबी म्हणजे काळी, चार काडेपेट्यांएवढी.
पोरीनं पाठवली पुण्याहून.
कॉम्प्युटरातले आकडे घेते आणि त्यांचा आवाज करते,
एवढं मला कळलं. बाकीचं माहितीपत्रक
मुंगीनं लिहिलेलं.

लाल दिवा. म्हणजे कॉम्प्युटर तिला ओळखत नाही.
पुढच्या भोकातून काढून मागच्यात खुपसली.
लाल.
केबल बदलली, प्रिंटरची काढून हिला लावली.
हिरवा!
आधीच्या केबलीतून नुसती वीज जात होती,
निरोप जात नव्हता.
अशा असतात काही केबली.
काही माणसंही, पण ते जाऊ द्या.

दिवा हिरवा, आवाज मात्र मॉनिटरमधून,
पिठाच्या रिकाम्या डब्यात कोणी गाऊन राहिल्यासारखा.
निनाव्यांचा खुशाल आला, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा,
"काका, आउटपुटच चुकीचं आहे ना तुमचं," म्हणाला,
दोन क्लिकमध्ये सारंगी हेडफोनात आणून ठेवली
आणि दोन गिलास पन्हं पिऊन गेला.

सारंगीमागे फुटाणे फुटत होते.
सेटिंगमध्ये आकडा होता तीन लाख चौऱ्याऐंशी हजार.
मीच चढवून ठेवला होता, हावरटपणानं.
उतरवला चव्वेचाळीस हजार शंभरावर,
जेवढं रेकॉर्डिंगमध्ये आहे तेवढंच माग म्हटलं.
फुटाणे थांबले.

मग उरली घरघर.
तिला मी लगेच ओळखलं.
पन्नास आवर्तनं, एक कमी नाही, एक जास्त नाही.
एकतीस वर्षं कोराडीच्या टर्बाइन हॉलात
हिच्याच पोटाला हात लावून उभा होतो.
तारेतारेनं मानकापूर ओलांडून
ती आता माझ्या टेबलावर येऊन बसली होती,
जुन्या साहेबाला भेटायला आल्यासारखी.
ॲम्प्लिफायर कूलरच्या बोर्डावर, कॉम्प्युटर खिडकीजवळच्या,
अर्थिंगला जमिनीत जायला दोन वाटा.
दोघांना एका बोर्डावर आणलं.
गेली. म्हणजे मला तरी गेलीशी वाटली.

आणि तेव्हा कळलं की सारंगी
फक्त डावीकडे वाजते आहे.
उजवीकडे जणू पलीकडच्या गल्लीतून.

तारा अदलाबदल केल्या. उजवीकडेच मुकं.
हेडफोन उलटे घातले,
उजवी वाटी डाव्या कानावर : खणखणीत.
डावी वाटी उजव्या कानावर : पलीकडची गल्ली.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची
आणि दोष कुठं सरकतो ते बघायचं,
हे मीच पोरांना शिकवलं होतं प्लांटवर.
दोष सरकला नाही.
बदलायला आता काही उरलं नव्हतं,
मी सोडून.

टर्बाइन उजव्या हाताला असायचं. पॅनेल समोर.

कुंदा गच्चीवरून कुरडया उलटून खाली आली,
डोक्यावर ओला पंचा. तिला सांगितलं.
ती पाणी प्याली आधी.
"अठरा वर्षं झाली," म्हणाली,
"तुमच्या डाव्या बाजूनं चालून राहिली मी.
बर्डीवर, फुटाळ्यावर, भाच्याच्या वरातीत.
तुम्हाला काय वाटलं, काहून?"

मला वाटलं होतं, गाड्यांमुळे.

कॉम्प्युटरात एक पट्टी असते,
आवाज डावीकडून उजवीकडे ढकलायची.
ती हलवावी की मधेच राहू द्यावी
यात दिवेलागण झाली.
शेवटी हेडफोन कुंदाच्या कानावर चढवले.
तिनं डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच.
"दोन्हीकडून येऊन राहिलं," म्हणाली,
"पण मागं काहीतरी घुं करते. बारीक."

मी उठलो, कूलर बंद केला.
शेहेचाळीस डिग्रीत.
परत येऊन बसलो, जागा मिळाली तिथं.
तिनं डोळे न उघडता काहीतरी सांगितलं.
ती उजवीकडे होती.